फ्रेम, पॅकेट, डेटाग्राम, सेगमेंट: नाव कशावरून ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा: नेटवर्किंगच्या पुस्तकात डेटा पाठवायचं काम थरांत, म्हणजे लेयरांत, वाटलेलं असतं आणि त्या त्या थरातल्या तुकड्याला नाव असतं. ट्रान्सपोर्ट लेयरला सेगमेंट, नेटवर्क लेयरला पॅकेट, डेटा लिंकला फ्रेम आणि फिजिकलला बिट असं दिलेलं असतं. पण कामावर सगळे सगळ्यालाच पॅकेट म्हणतात, यूडीपीच्या (पोच न घेता डेटा पाठवणाऱ्या प्रोटोकॉलच्या) तुकड्याला कुणी सेगमेंट म्हणतं तर कुणी डेटाग्राम, आणि मध्येच पीडीयू नावाचं काहीतरी उपटतं. मग बरोबर काय, आणि या नावांनी खरंच काही फरक पडतो का?

फरक पडतो. पण तक्ता पाठ केल्यावर जो कळतो, तो फरक हा नव्हे. नेटवर्क चालवणं आणि बिघडलं की त्याचा गुंता सोडवणं, हेच काम मी बरीच वर्षं करतोय, आणि या नावांकडे मी दोनच प्रश्न घेऊन बघतो. या तुकड्याची सीमा कुणी आखली? आणि तो अखंड कुठपर्यंत जातो? लेयरचा नंबर त्यानंतर आपोआप कळतो.

आधी एक खरा तुकडा उघडून बघू. लिनक्स मशीनवरून एखाद्या वेबसाइटला टीसीपी (पोच घेत, हरवलेलं परत पाठवत डेटा नेणारा प्रोटोकॉल) जोडणी सुरू केली आणि वायरशार्क या नेटवर्कवरची वाहतूक टिपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॅप्चर घेतलं, तर पहिल्याच ओळीत बहुधा ७४ बाइटची फ्रेम दिसते. ती सिन, म्हणजे जोडणी मागणारा पहिला निरोप. अजून डेटा काहीच नाही, नुसती हेडरांची, म्हणजे प्रत्येक लेयरने पुढे जोडलेल्या माहितीची, उतरंड आहे: इथरनेटचा हेडर १४ बाइट, आयपीचा २०, टीसीपीचा ४०. टीसीपीचा मूळ हेडर २० बाइटचाच असतो. उरलेले २० पर्याय आहेत, म्हणजे एमएसएस, टाइमस्टॅम्प, विंडो स्केल वगैरे.

आता या ७४ बाइटना काय म्हणायचं? बाहेरून धरलं तर फ्रेम. पहिले १४ बाइट सोलून टाकले की उरलेले ६० म्हणजे आयपी पॅकेट. आणखी २० सोलले की ४० बाइटचा टीसीपी सेगमेंट. बाइट तेच, नाव बदललं, कारण सर्वांत बाहेरचा हेडर बदलला. ‘हे पॅकेट आहे की फ्रेम?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘तुम्ही कुठून बघताय?’ असंच आहे.

आणि तारेवर ७४ बाइट जात नाहीतच. शेवटी ४ बाइटचा एफसीएस (फ्रेम वाटेत बिघडली का ते तपासायचा आकडा) लागतो, तो बहुतेक नेटवर्क कार्डं वर पाठवतच नाहीत म्हणून कॅप्चरमध्ये दिसत नाही. पुढे घेणाऱ्याला सावध करणारं ७ बाइटचं प्रीअँबल आणि १ बाइटची सुरुवातीची खूण असते. दोन फ्रेमांच्या मध्ये किमान १२ बाइटांइतका मोकळा वेळ सोडावा लागतो. सगळं धरून त्या सिनने तारेवर ९८ बाइटांची जागा अडवली.

फ्रेम

फ्रेम म्हणजे चौकट, आणि चौकटीचं काम सीमा दाखवण्याचं. तारेवर वीज, प्रकाश किंवा रेडिओलहरी सलग चालू असतात. त्यात ‘इथून सुरू, इथे संपलं’ हे सांगणं हे लिंक लेयरचं पहिलं काम. फ्रेमचं आयुष्य एका लिंकपुरतं. राउटरकडे फ्रेम पोचली की तो एफसीएस तपासतो, आतलं पॅकेट काढून घेतो आणि फ्रेम फेकून देतो. पुढच्या लिंकवर नवी फ्रेम, नवे मॅक पत्ते (त्या लिंकवरच्या नेटवर्क कार्डांचे पत्ते), नवा एफसीएस. वाटेत बारा राउटर असतील तर तेच पॅकेट तेरा वेगवेगळ्या फ्रेमांतून जातं. त्यातल्या काही इथरनेटच्या असतील, काही वाय-फायच्या, काही आणखी कशाच्या.

इथरनेटची फ्रेम, मॅक पत्त्यापासून एफसीएसपर्यंत मोजली तर, किमान ६४ आणि साधारण कमाल १५१८ बाइट. व्हीलॅनचा, म्हणजे नेटवर्कच्या आभासी भागाचा, टॅग लागला तर १५२२. किमान ६४ ची अट आहे म्हणून एक गंमत होते. डेटा आणि टीसीपीचे पर्याय नसलेला, नुसती पोच देणारा साधा अ‍ॅक पाठवणाऱ्याच्या कॅप्चरमध्ये ५४ बाइटचा दिसतो आणि घेणाऱ्याच्या कॅप्चरमध्ये ६० चा. मधले ६ बाइट नेटवर्क कार्डाने भर म्हणून घातले, आणि ते कॅप्चरच्या नंतर घातले. नवी मंडळी इथे ‘कुणीतरी डेटा घुसवतंय’ म्हणून धावत येतात. कुणी काही घुसवत नाही.

पुस्तकी तक्त्यावर फार विसंबू नये याचा एक पुरावा जाता जाता: खुद्द इथरनेटच्या ८०२.३ या मानकात प्रीअँबलसकट जे तारेवर जातं त्याला पॅकेट म्हटलंय, आणि फ्रेम त्या पॅकेटच्या पोटात आहे! मानकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण जेवणाच्या सुट्टीत हे कुणाला सांगू नका, वाद संपत नाही.

फिजिकल लेयरचं एकक बिट, हेही अर्धंच खरं. तारेवर प्रत्यक्षात चिन्हं जातात. गिगाबिट इथरनेटच्या तांब्याच्या केबलमध्ये चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीवर सेकंदाला १२.५ कोटी चिन्हं, आणि एका चिन्हामागे २ बिट. गुणाकार केला की एक गिगाबिट. रोजच्या कामात याची गरज पडत नाही, पुढे जाऊ.

पॅकेट आणि डेटाग्राम

इथे खरा गोंधळ आहे, कारण दोन्ही नावं एकाच लेयरला लागतात आणि बहुतेक वेळा त्यांचा अर्थही एकच निघतो. आयपीचं मूळ मानक, १९८१ चं आरएफसी ७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं ज्यात छापतात ते दस्तऐवज), ‘इंटरनेट डेटाग्राम’ असा शब्द वापरतं. आयपीव्ही६ चं मानक मात्र सरसकट ‘पॅकेट’ म्हणतं. दोन्हींतला फरक नीट मांडला तो १९८९ च्या आरएफसी ११२२ ने. त्यातली व्याख्या मला अजूनही सर्वांत कामाची वाटते. डेटाग्राम म्हणजे आयपीने या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवायचं एकक. पॅकेट म्हणजे आयपी लेयर लिंक लेयरच्या हातात जे देतो ते. ते अख्खा डेटाग्राम असेल किंवा त्याचा तुकडा असेल.

एरवी हा फरक किस काढल्यासारखा वाटतो, पण आकडे टाकून बघा. एखाद्या प्रोग्रॅमने यूडीपीवरून ४,००० बाइट पाठवले. यूडीपीचा हेडर ८ बाइट, म्हणजे झाले ४,००८. आयपीचे २० धरून ४,०२८ बाइटचा एक डेटाग्राम. पण लिंकचा एमटीयू, म्हणजे तिथे मावणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार, १५००. मग आयपी त्याचे तीन तुकडे करतो: १४८०, १४८० आणि १०४८ बाइट. प्रत्येकाला स्वतःचा २० बाइटचा हेडर लागून पॅकेटं होतात १५००, १५०० आणि १०६८ बाइटांची. त्यांच्या तीन फ्रेमा: १५१८, १५१८, १०८६. डेटाग्राम एक, पॅकेटं तीन, फ्रेमा तीन.

आता बघा, यूडीपीचा हेडर फक्त पहिल्या तुकड्यात आहे. म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमसाठी ते सांगणारा पोर्ट नंबरही पहिल्यातच. दुसरं-तिसरं पॅकेट फायरवॉलसमोर आलं की त्याला पोर्ट दिसतच नाही. काही फायरवॉल तुकडे जमवून मग निर्णय घेतात, काही सरळ टाकून देतात. आणि तीनपैकी एक जरी हरवलं तरी उरलेली दोन फुकट. लिनक्सचा कर्नल मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंद वाट बघतो आणि सगळं फेकतो. प्रोग्रॅमला काहीच मिळत नाही. ‘तीनातलं एक पॅकेट गेलं’ आणि ‘अख्खा डेटाग्राम गेला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि इथे दोन्ही एकाच वेळी खरी आहेत. हे ज्याला बोलून दाखवता येतं, त्याला बिघाड निम्मा कळलेला असतो.

शब्दांचा इतिहासही याला धरूनच आहे. अमेरिकेत रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेटा तुकड्यांत पाडून पाठवायची कल्पना मांडली तेव्हा ते ‘मेसेज ब्लॉक’ म्हणत. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी त्याच दशकाच्या मध्यावर स्वतंत्रपणे ती मांडली आणि ‘पॅकेट’ हा शब्द निवडला. इतर भाषांतही तो चालावा म्हणून त्यांनी भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. मराठीत ‘पाकीट’ आधीच तयार असल्यामुळे आपल्याला तर तो अगदीच सोपा गेला. ‘डेटाग्राम’ सत्तरच्या दशकातला. नॉर्वेच्या हॅलवर बोथनर-बी यांनी डेटा आणि टेलिग्राम जोडून तो केला. टेलिग्रामशी केलेली ही तुलना चपखल आहे: टेलिग्रामवर पत्ता पूर्ण, मजकूर पूर्ण, आधीच्या किंवा नंतरच्या टेलिग्रामशी संबंध नाही. आधी जोडणी करा, मग बोला, असं काही नाही. म्हणून डेटाग्राम या शब्दात आकारापेक्षा वागणूक जास्त आहे. जो एकटा निघतो, एकटा पोचतो आणि ज्याची पोच कुणी देत नाही, तो डेटाग्राम.

सेगमेंट

टीसीपीच्या तुकड्याला सेगमेंट का म्हणतात, हे ज्याला उमगलं त्याला टीसीपी उमगलं. सेगमेंट म्हणजे लांबलचक गोष्टीतून कापलेला भाग. टीसीपी प्रोग्रॅमला एक सलग बाइटांचा प्रवाह देतो. त्यात कप्पे नाहीत, ओळी नाहीत, संदेश नाहीत. तो प्रवाह खाली पाठवायला सोयीचा व्हावा म्हणून टीसीपी स्वतःच्या सोयीने कापतो. कुठे कापलं हे वरच्या प्रोग्रॅमला सांगत नाही, आणि सांगायचं कारणही नाही.

एकदा एका तरुण सहकाऱ्याने दोन दिवस डोकं धरून बसण्यात घालवले. त्याचा प्रोग्रॅम दर वेळी १०० बाइटचा संदेश पाठवायचा, आणि समोरचा एका रिसीव्हमध्ये एक संदेश वाचायचा. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर उत्तम चालायचं. खऱ्या नेटवर्कवर कधी २०० बाइट एकदम यायचे, कधी ६० यायचे आणि मग ४०. ‘पॅकेट जोडली जातायत,’ असं तो म्हणत होता. मी म्हटलं, ‘अरे, पॅकेटचा इथे काय संबंध? तुझे संदेश टीसीपीला माहीतच नाहीत. त्याला नुसते बाइट माहीत आहेत.’ मग त्याने प्रत्येक संदेशाच्या आधी ४ बाइटांत लांबी लिहायला सुरुवात केली आणि वाचणाऱ्या बाजूला तेवढे बाइट जमेपर्यंत थांबायला शिकवलं. झालं काम. आता गंमत बघा, ही लांबी लिहून त्याने जे केलं त्याला काय म्हणतात? फ्रेमिंग. प्रवाहावर सीमा आखणं. तारेवर इथरनेट जे करतं तेच, सगळ्यात वरच्या लेयरला.

सेगमेंटला स्वतःची ओळख नसते हे टीसीपीच्या सीक्वेन्स नंबरातही दिसतं. तो नंबर सेगमेंट मोजत नाही, बाइट मोजतो. ५०० आणि ३०० बाइटांचे दोन सेगमेंट हरवले तर टीसीपी पुन्हा पाठवताना ८०० बाइटांचा एकच सेगमेंट करू शकतो. कुणाची तक्रार नाही. त्यामुळे ‘तोच सेगमेंट परत पाठवला’ हे वाक्य तसं ढोबळच. परत जातात ते बाइट.

एका सेगमेंटात जास्तीत जास्त किती डेटा, ते एमएसएस सांगतो. १५०० च्या एमटीयूमधून आयपीचे २० आणि टीसीपीचे २० वजा केले की १४६०. टाइमस्टॅम्प चालू असतील तर त्यात १२ बाइट जातात आणि हातात राहतात १४४८. समोरच्याने एमएसएस सांगितलाच नाही, तर आयपीव्ही४ मध्ये ५३६ धरायचा.

इथे वायरशार्कची आणखी एक चकवणारी गोष्ट सांगायलाच हवी. सर्व्हरवरच कॅप्चर घेतलं तर कधी २९६२ बाइटची ‘फ्रेम’ दिसते, कधी त्याहून कितीतरी मोठी. एमटीयू १५०० असताना हे कसं? कारण आजकाल सेगमेंट कापायचं काम कर्नल स्वतः न करता नेटवर्क कार्डावर सोपवतो, आणि कॅप्चर त्या कापाकापीच्या आधी होतं. २९६२ वजा हेडरांचे ६६, उरले २८९६, म्हणजे बरोबर १४४८ गुणिले दोन. तारेवर या १५१४ बाइटच्या दोन फ्रेमा म्हणून जातात, एफसीएस वेगळा. तुम्ही जे बघितलंत ते फ्रेमही नाही आणि पॅकेटही नाही. ती फाडायच्या आधीची थप्पी आहे. खरं बघायचं असेल तर घेणाऱ्या बाजूला किंवा स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे दुसऱ्या पोर्टवरच्या वाहतुकीची नक्कल मिळते) कॅप्चर घ्या. घेणाऱ्या बाजूला कधी कार्ड उलट उद्योग करतं आणि आलेले तुकडे जोडून वर देतं, म्हणून मिरर पोर्ट त्यातल्या त्यात भरवशाचा.

मग यूडीपीचं काय?

डेटाग्राम. १९८० च्या आरएफसी ७६८ मध्ये ‘यूझर डेटाग्राम’ असाच शब्द आहे आणि प्रोटोकॉलच्या नावातच तो आहे. काही चांगली पाठ्यपुस्तकं ट्रान्सपोर्ट लेयरच्या सगळ्या तुकड्यांना सेगमेंट म्हणतात, ते शिकवायच्या सोयीसाठी. परीक्षेत तुमचं पुस्तक म्हणेल ते लिहा. पण अर्थाने यूडीपीत कापलं काहीच जात नाही. प्रोग्रॅमने एका वेळी जे दिलं ते एक डेटाग्राम, आणि समोरच्याला मिळालं तर तेवढंच आणि तसंच मिळतं. सीमा प्रोग्रॅमने आखली, यूडीपीने ती राखली. माझ्या सहकाऱ्याचे १०० बाइटांचे संदेश यूडीपीवर कधीच एकमेकांना चिकटले नसते. हरवले मात्र असते.

पीडीयू

हा शब्द ओएसआय, म्हणजे लेयरांचं आंतरराष्ट्रीय प्रारूप, करणाऱ्या मंडळींचा. १९८४ च्या संदर्भ प्रारूपात त्यांना प्रत्येक लेयरबद्दल एकाच भाषेत बोलायचं होतं, मग सगळ्यांना चालेल असं नाव काढलं: प्रोटोकॉल डेटा युनिट. जोडीला एसडीयू, म्हणजे सर्व्हिस डेटा युनिट. वरच्या लेयरने माझ्या हातात दिलं ते माझं एसडीयू. त्याला माझा हेडर लावून मी समोरच्या जोडीदाराला पाठवतो ते माझं पीडीयू. टीसीपीचं पीडीयू, म्हणजे सेगमेंट, आयपीच्या हातात येताच आयपीचं एसडीयू होतं. एकच माणूस घरात मुलगा आणि सासरी जावई, तसं.

एका एसडीयूचं एकच पीडीयू होतं असं मात्र नाही. वर डेटाग्रामचे तीन तुकडे झाले ते बघितलंच. वाय-फायमध्ये उलट होतं, एकामागे एक अनेक एककं एका फेरीत बांधून पाठवतात, म्हणून तिथे एमएसडीयू आणि एमपीडीयू हे शब्द आजही रोजच्या वापरात आहेत. बाकी ठिकाणी पीडीयू विशेषनामांपुरता उरलाय: स्पॅनिंग ट्रीचं बीपीडीयू, एसएनएमपीचं पीडीयू, आयएस-आयएसचं लिंक स्टेट पीडीयू. सर्व्हर रूममध्ये कुणी ‘पीडीयू बदलायचाय’ म्हणालं तर तो रॅकमधल्या वीजपट्टीबद्दल बोलतोय, घाबरू नका.

जिथे तक्ता उलटा होतो

एटीएमचा (बँकेचं नव्हे, त्या नावाच्या जुन्या नेटवर्क तंत्राचा) सेल ही या तक्त्यात न बसणारी जुनी वस्तू: ४८ बाइट डेटा, ५ बाइट हेडर, एकूण ५३. ४८ हा विचित्र आकडा ३२ बाइट डेटावाल्या आणि ६४ वाल्यांच्या भांडणातली तडजोड आहे. आकार कायम ठरलेला, म्हणून नावही वेगळं. आता नवीन बसवलेला सहसा दिसत नाही.

टनेल, म्हणजे एका तुकड्याच्या पोटात दुसरा घालून नेण्याचे मार्ग, मात्र रोज भेटतात. व्हीएक्सलॅनमध्ये अख्खी इथरनेट फ्रेम यूडीपी डेटाग्रामच्या पोटात जाते, तो आयपी पॅकेटात आणि ते पुन्हा फ्रेममध्ये. फ्रेम सगळ्यात खाली असते असं ज्याने पाठ केलंय त्याचं इथे डोकं फिरतं. आतल्या फ्रेमची सीमा वेगळ्याने आखलीय आणि ती वेगळ्या टोकाला उघडणार आहे, असं बघितलं की काही अडत नाही. अडतो तो एमटीयू, कारण या गुंडाळ्यांना ५० बाइट लागतात.

टीएलएसचं (डेटा गुप्त करून पाठवणाऱ्या प्रोटोकॉलचं) एकक रेकॉर्ड, कमाल १६,३८४ बाइट मजकुराचं. १४४८ ने भागा, एका पूर्ण रेकॉर्डला बारा सेगमेंट लागतात. शेवटचा सेगमेंट येईपर्यंत तो रेकॉर्ड तपासून उलगडता येत नाही. वायरशार्क ज्याला ‘पुन्हा जोडलेल्या पीडीयूचा टीसीपी सेगमेंट’ अशा अर्थाची ओळ दाखवतो, तो हाच प्रकार. त्यात बिघाड काही नसतो.

आणि क्विक, म्हणजे टीसीपीऐवजी वापरायचा, यूडीपीवर चालणारा प्रोटोकॉल. २०२१ च्या आरएफसी ९००० मध्ये फ्रेमा पॅकेटच्या आत आहेत आणि पॅकेटं यूडीपी डेटाग्रामच्या आत. एका डेटाग्रामात एकाहून जास्त पॅकेटंही बसतात. पुस्तकातली उतरंड इथे सरळ उलटी आहे, तरी प्रत्येक नावाला कारण आहे. क्विक आपल्या पॅकेटांना नंबर देतं आणि तो नंबर पुन्हा कधी वापरत नाही. पॅकेट हरवलं तर ते परत पाठवत नाही. आतल्या फ्रेमांतली जी माहिती अजून लागते तीच नव्या पॅकेटात, नव्या नंबराखाली जाते. टीसीपीत पोच आली की ती मूळच्या पाठवणीची की दुसऱ्या वेळच्या, हे कळायला मारामार होते. क्विकने ती कटकट नुसत्या नंबराच्या नियमाने मिटवली. सेगमेंट हा शब्द त्यांनी घेतला नाही, तो योग्यच वाटतो मला.

एक किस्सा

दोन कार्यालयांमध्ये जीआरई नावाच्या प्रकारचा टनेल टाकला होता. लॉगिन होत होतं, छोटी पानं उघडत होती, मोठी फाइल मागितली की अडकायचं. तिथल्या लोकांनी आठवडाभर ‘पॅकेट लॉस’ म्हणून केबली आणि स्विच बदलले. मी आधी स्विचचे आकडे बघितले. सीआरसीच्या चुका, म्हणजे एफसीएस न जुळलेल्या फ्रेमा, शून्य. म्हणजे फ्रेमा अगदी ठणठणीत पोचत होत्या. मग हरवत होतं काय? फ्रेममधून काढल्यावरचं पॅकेट. जीआरईला २४ बाइट लागतात, त्यामुळे टनेलमधून १४७६ पेक्षा मोठं पॅकेट जाणार नव्हतं. सर्व्हर १५०० ची पाठवत होता, तीही ‘तुकडे करू नका’ असा डीएफ बिट लावून. राउटर इमानाने पॅकेट टाकून आयसीएमपीचा (अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) निरोप पाठवत होता की ‘मोठं आहे, लहान कर’. आणि कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलं होतं. सर्व्हरला निरोप मिळेना, तो तेच तेच पाठवत राहिला.

पिंग या चाचणी पॅकेट पाठवणाऱ्या आज्ञेने खात्री केली: डीएफ बिट लावून १४४८ बाइट जात होते, १४४९ जात नव्हते. १४४८ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १४७६. राउटरवर टीसीपीचा एमएसएस १४३६ ला बांधला आणि फाइली जायला लागल्या. आयसीएमपीचा तो एक प्रकार उघडायला पुढे दोन महिने आणि चार बैठका लागल्या, तो भाग सोडून देऊ.

आकडे वाचतानाही हेच. गिगाबिट लिंकवर मोजणी केली की ९४१ मेगाबिट येतात आणि लोक विचारतात, ‘५९ कुठे गेले?’ कुठे गेले नाहीत. पूर्ण भरलेली फ्रेम तारेवर प्रीअँबल आणि मोकळ्या जागेसकट १५३८ बाइट व्यापते. त्यात प्रोग्रॅमचा माल १४४८. भागाकार करा, ९४.१ टक्के. मोजणारा सेगमेंटच्या आतलं मोजतोय, लिंकचा वेग फ्रेमच्या बाहेरून मोजलाय. उलट टोकाला, सगळ्या फ्रेमा ६४ बाइटच्याच असतील तर प्रत्येकी ८४ बाइट धरून त्याच गिगाबिटवर सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेमा बसतात. राउटरच्या माहितीपत्रकात हा आकडा ‘पॅकेट प्रति सेकंद’ म्हणून छापतात. चालतं.

मीही दिवसभर पॅकेटच म्हणतो, बोलताना कोण एवढं बघतंय. पण तिकिटात ‘पॅकेट ड्रॉप होतंय’ एवढंच लिहून आलं, तर मी ते परत पाठवतो आणि इंटरफेसवरचे दोन आकडे मागतो: सीआरसीच्या चुका किती, आणि आउटपुट ड्रॉप किती. पहिला वाढत असेल तर फ्रेम मोडतेय: केबल, कनेक्टर, ऑप्टिक बघा. दुसरा वाढत असेल तर फ्रेम शाबूत आली आणि पुढे रांगेत जागा नव्हती. दोन्ही शून्य असतील तर एमटीयू आणि फायरवॉलकडे वळा.